सातव्या फेरीत विचारायचं काय उरतं? नोकरभरती करणाऱ्यांना खुले पत्र

नोकरभरतीचे निर्णय घेणारे एचआर प्रमुख, हायरिंग मॅनेजर आणि मुलाखतीच्या पॅनेलवर बसणारे सर्व जण यांना,

स. न. वि. वि.

एका जागेसाठी एका माणसाच्या किती मुलाखती घ्यायच्या, हे बहुतेक ठिकाणी कुणी ठरवलेलंच नसतं. संख्या आपोआप वाढत जाते. आधी एचआरचा फोन, मग टेक्निकल राउंड, मग हायरिंग मॅनेजर, मग मॅनेजरांचे मॅनेजर, मग शेजारच्या विभागातलं कुणीतरी, मग ‘कल्चर फिट’, मग पुन्हा एचआर. मधेच एखादी असाइनमेंट. माझं म्हणणं सरळ आहे. पहिला फोन धरून चार भेटी पुरे. पाचवी हवीच असेल तर ती का हवी हे आधी लिहून काढावं, आणि ते कारण ‘अजून एकदा बघून घेऊ’ हे नसावं.

मी पॅनेलवर बसते आणि नोकरी शोधणाऱ्यांची मुलाखतीची तयारीही करून घेते, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडतं. म्हणूनच लिहायचं ठरवलं. उमेदवार हे तुम्हाला तोंडावर सांगणार नाहीत. त्यांना नोकरी हवी असते.

फेरी संपल्यावर पॅनेलच्या कॉलवर काय घडतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. चौघांनी उमेदवार पाहिलेली असते. पहिले म्हणतात, “मला ठीक वाटली.” दुसऱ्या म्हणतात, “मलाही ठीकच, पण तुम्ही सगळे बघा.” तिसऱ्यांना पुढच्या मीटिंगची घाई असते. मग कुणीतरी म्हणतं, “एकदा सरांना भेटवून घेऊया ना.” सगळ्यांना हायसं वाटतं आणि कॉल संपतो. सरांना भेटून आपल्याला असं काय कळणार आहे जे आत्ता माहीत नाही, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. उद्या नेमणूक चुकली तर होकार कुणाचा होता, याचं उत्तर एकट्याला द्यावं लागू नये, एवढ्यासाठी ती फेरी ठरते. निर्णयाची जबाबदारी वाटून घेण्याची ही पद्धत आहे, आणि तिचा भार मात्र जी त्या कॉलवर नाही तिच्यावर पडतो.

याला काळजीपूर्वक भरती म्हणतात. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही हे जरा सविस्तर सांगते.

गूगलमध्ये एकेकाळी एका उमेदवाराच्या डझनभर, काही वेळा त्याहून जास्त मुलाखती होत. लाझ्लो बॉक तिथे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख असताना कंपनीने स्वतःच्याच भरतीच्या नोंदी तपासल्या. निघालं ते असं, की उमेदवाराला घ्यावं की नाही हे चार मुलाखतींनंतर ८६ टक्के खात्रीने सांगता येतं आणि त्यापुढची प्रत्येक मुलाखत त्यात जेमतेम एक टक्क्याची भर घालते. कंपनीने मग चारचाच नियम केला. प्रत्येक ठिकाणी हाच आकडा निघेल असं मी म्हणत नाही. कामं वेगळी, माणसं वेगळी. पण पहिल्या काही मुलाखतींचा फायदा मोठा आणि नंतरच्यांचा नगण्य, हे सगळीकडे तसंच दिसणार, कारण ते गणितातच आहे.

चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी १९१० साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक सूत्र मांडलं. चाचणी लांबवली किंवा परीक्षक वाढवले, की मिळणाऱ्या गुणांची विश्वासार्हता किती वाढते हे त्यावरून काढता येतं. विश्वासार्हता ० ते १ मध्ये मोजतात, १ म्हणजे पूर्ण भरवशाचे गुण. समजा एका परीक्षकाची विश्वासार्हता ०.५० आहे. दोघांची सरासरी घेतली की ती ०.६७ होते, तिघांची ०.७५, चौघांची ०.८०. पाच जणांनी ०.८३, सहा जणांनी ०.८६ आणि आठ जणांनी ०.८९. म्हणजे पहिल्यानंतरच्या तिघांनी मिळून ०.३० ची भर घातली आणि त्यानंतरच्या चौघांनी मिळून फक्त ०.०९ ची. या चौघांसाठी उमेदवाराने चार वेळा वेळ काढलेला असतो.

बरं, एवढी भर पडते तीही एका अटीवर. प्रत्येकाचं मत स्वतंत्र हवं. प्रत्यक्षात चौथ्या फेरीचे मुलाखतकार लिंकवर येण्याआधीच त्यांच्याकडे मेसेज पोचलेला असतो, ‘टेक्निकली स्ट्राँग आहे, कम्युनिकेशन जरा बघून घ्या.’ मग ते कम्युनिकेशनच बघतात, आणि बघायचंच म्हटल्यावर काही ना काही सापडतंच. मानसशास्त्रज्ञ सोलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. नुसत्या रेषांची लांबी ओळखायची होती, उत्तर डोळ्यांसमोर होतं, तरीही आजूबाजूचे सगळे चुकीचं उत्तर देताहेत हे ऐकून बहुतेकांनी निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. माणूस पारखणं हे रेषा मोजण्यापेक्षा कितीतरी धूसर काम आहे. आधीच्यांचं मत कानावर घालून घेतलेली पाचवी मुलाखत हे पाचवं मत नव्हेच, तो पहिल्या मताचा पडसाद आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शितं वेगवेगळ्या जागची घेतली तर. माझ्याकडे तयारीसाठी येणाऱ्या एका उमेदवाराने सहाव्या फेरीनंतर मला आपल्या वहीचं पान दाखवलं. प्रत्येक फेरीत कोणते प्रश्न आले ते त्याने ओळीने लिहून ठेवले होते. ‘तुमच्याबद्दल थोडं सांगा’, सहाही फेऱ्यांत. ‘आधीची नोकरी का सोडताय’, सहाही फेऱ्यांत. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’, चार फेऱ्यांत. जागा होती गोदामातल्या मालाच्या नोंदी आणि हिशेबाची पुस्तकं यांचा ताळमेळ बसवण्याची. त्या कामाबद्दलचा प्रश्न एकदाच आला होता, दुसऱ्या फेरीत, आणि त्याचंही उत्तर अर्धवट राहिलं, कारण वेळ संपली. पानाच्या तळाशी त्याने सातव्या फेरीची तारीख लिहिली होती आणि पुढे कंसात ‘विषय कळवलेला नाही’.

त्याने मला विचारलं, “मॅडम, मी अजून काय तयारी करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी बोलावलं होतं त्यांच्याकडे तरी होतं का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे.

गप्पांतून माणूस कळतो हा विश्वास सोडणं अवघड आहे हे मला मान्य आहे. जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नेथनिअल पीटरसन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी पॅनेलवरच्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांना पुढे किती गुण मिळतील याचा अंदाज बांधला. मुलाखत न घेता, केवळ आधीचे गुण पाहून बांधलेले अंदाज जास्त बरोबर निघाले. यापुढचा भाग जास्त अस्वस्थ करणारा आहे. काही मुलाखतींत उत्तर देणारे प्रश्नाच्या अर्थाकडे न पाहता, एका ठरलेल्या यांत्रिक नियमाने वाटेल ते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत होते. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही. उलट समोरचा माणूस आपल्याला चांगला समजला, असंच त्यांना वाटत राहिलं.

दुसरं उदाहरण ह्यूस्टनचं. १९७९ साली तिथल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने सुमारे ८०० अर्जदारांच्या मुलाखती घेऊन १५० जण निवडले होते. मग राज्याच्या विधिमंडळाने जागा वाढवून २०० करायला लावल्या आणि मुलाखतीत मागे पडलेल्या ५० जणांना घ्यावं लागलं. शिक्षण पूर्ण होईपर्यंत दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं गेलं. अभ्यासात, रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष कामात, शिक्षण अर्धवट सोडण्याच्या प्रमाणात, कशातच उल्लेखनीय फरक दिसला नाही. मुलाखतीच्या गुणांनी ज्यांना इतकं मागे टाकलं होतं ते पुढच्यांच्या बरोबरीचे निघाले. संधी मिळाली नसती तर हे कधी कुणाला कळलंच नसतं. तुमच्या सहाव्या फेरीत ज्यांना ‘नाही’ म्हटलं गेलं त्यांच्यापैकी किती जण या पन्नासांसारखे होते, हे तपासायला तुमच्याकडे कुठलीच सोय नाही.

मुलाखत नकोच, असं मी म्हणत नाही. नीट आखलेली मुलाखत उपयोगाची असते, आणि मला वाटतं सगळा जोर तिथे लावायला हवा. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींवरचं आधीचं संशोधन पुन्हा तपासलं. पुढे माणूस काम कसं करतो याच्याशी आखीव मुलाखतीचा संबंध ०.४२ इतका आढळला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). आखीव म्हणजे काय? कामाला लागणारे गुण आधी ठरवायचे, सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे, प्रत्येक उत्तराला ठरलेल्या मोजपट्टीने लगेच गुण द्यायचे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान १९५५ च्या सुमारास, एकविशीत, इस्रायलच्या सैन्यात हेच करत होते. सहा गुणविशेष ठरवले, प्रत्येकावर वस्तुनिष्ठ प्रश्न, एक संपवून त्याचे गुण लिहिल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. मुलाखत घेणारे चिडले. आमचं यंत्र करताय म्हणाले. तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की सगळे गुण लिहून झाले की डोळे मिटा आणि तुमच्या अंतर्मनाला काय वाटतं त्याचाही एक आकडा द्या. तो आकडाही उपयुक्त ठरला. पण आधी सगळी माहिती शिस्तीने गोळा झाली होती, म्हणून. ‘मला माणूस बघितला की कळतं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने एवढं ध्यानात घ्यावं.

अशा दोन आखीव मुलाखती आणि कामाचा एक छोटा नमुना, यांतून जे कळेल ते आठ मोकळ्या फेऱ्यांतून कळणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त टोचणाऱ्या गोष्टीकडे येते. जादा फेऱ्या उमेदवारांना गाळतात, हे खरंच आहे. पण कुणाला गाळतात? जी आधीच नोकरी करते तिला प्रत्येक फेरीसाठी रजा टाकावी लागते किंवा जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून, मोबाईलवर मुलाखत द्यावी लागते. ‘डॉक्टरकडे जायचंय’ हे कारण दोनदा चालतं. चौथ्यांदा वरिष्ठांना संशय येतो आणि हातची नोकरीही धोक्यात येते. तासावर मजुरी मिळणाऱ्याचे पैसे जातात. घरी तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेली आई असलेल्याला प्रत्येक वेळी कुणाला तरी घरी बसवावं लागतं, आणि तुम्ही ऐनवेळी मुलाखत पुढे ढकललीत की ती सगळी जुळवाजुळव पुन्हा. ज्याच्या हातात दुसरी ऑफर आहे तो तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तिकडे जातो, आणि असा माणूस बहुधा तुम्हालाही हवाच असतो. म्हणजे शेवटी जो उरतो तो सगळ्यांत चांगला असतोच असं नाही. त्याच्याकडे वेळ जास्त असतो किंवा पर्याय कमी. फेऱ्या वाढवून तुम्ही नकळत या दोन गोष्टींची परीक्षा घेत असता, आणि त्या तुमच्या जाहिरातीत कुठेच नसतात.

शिवाय मनाचं काय होतं, तेही सांगायला हवं. एका फेरीनंतर नकार आला तर माणूस दोन दिवसांत सावरतो. पाच-सहा फेऱ्या पार केल्यावर त्याने मनाने ती नोकरी सुरूही केलेली असते. जाण्या-यायच्या वेळेचा हिशेब केलेला असतो, घरच्यांना सांगितलेलं असतं, दुसरीकडचं बोलावणं ‘थोडं थांबा’ म्हणून लांबवलेलं असतं. आणि मग काहीच येत नाही. मेलला उत्तर नाही, फोन उचलला जात नाही. तीन आठवड्यांनी कळतं, ‘पोझिशन होल्डवर आहे.’ माझ्यासमोर बसून अशी माणसं स्वतःलाच विचारत राहतात की शेवटच्या फेरीत मी काय चुकलो. बहुतेकदा ती काहीच चुकलेली नसतात.

‘होल्ड’चा विषय निघालाच आहे तर स्पष्टच लिहिते. काही फेऱ्या घेतल्या जातात त्या जागेला अजून मंजुरीच नसते म्हणून. बजेट अडलेलं असतं, वरून सही यायची असते, आणि तोवर चांगला उमेदवार हातचा जाऊ नये म्हणून त्याला कुणा ना कुणाशी बोलवत ठेवायचं. हे बंद करा. मंजुरी नसेल तर तसं सांगा. ‘सहीला उशीर लागेल, तुम्ही दुसरीकडे प्रयत्न चालू ठेवा’ हे सांगायला एक ओळ पुरते, आणि ती ऐकणारा माणूस तुम्हाला वर्षानुवर्षं विसरत नाही.

व्हिडिओ कॉल आल्यापासून हे जास्त सोपं झालं आहे. पूर्वी माणूस प्रत्यक्ष यायचा, त्याला बसवायला खोली लागायची, पॅनेलला एका दिवशी जमावं लागायचं, म्हणून एकाच दिवसात दोन-तीन मुलाखती उरकत. आता कॅलेंडरवर अर्ध्या तासाची लिंक टाकली की झाली फेरी. तुमच्या बाजूने तिला काहीच खर्च पडत नाही, म्हणून ती वाढते. उमेदवाराचा खर्च मात्र तेवढाच राहिला आहे.

तुम्ही म्हणाल, चुकीचा माणूस घेतला तर किती महागात पडतं ते आम्हाला विचारा. मान्य. पण प्रोबेशनचा काळ त्यासाठीच असतो, आणि पहिल्या महिन्यातलं प्रत्यक्ष काम जे दाखवतं ते दहावी मुलाखतही दाखवणार नाही. चुकीने घेतलेला माणूस तुम्हाला रोज समोर दिसतो. चुकीने घालवलेला कधीच दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब तुमच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

तुम्ही असंही म्हणाल की टीममधल्या सगळ्यांशी भेट व्हायला हवी. जरूर व्हावी, आणि उमेदवारालाही ती हवी असते. ऑफर दिल्यानंतर, त्याने होकार देण्याआधी, एक तास सगळ्यांसोबत बसवा. तेव्हा तोही मोकळेपणाने विचारेल की इथे रात्री किती वाजेपर्यंत थांबावं लागतं आणि आधीचा माणूस का सोडून गेला. गुण देण्यासाठी चाललेल्या मुलाखतीत हे प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नाही.

अगदी वरच्या पदांची गोष्ट थोडी वेगळी आहे. संचालक मंडळ, वेगवेगळ्या विभागांचे प्रमुख अशा ज्यांच्यासोबत पुढे वर्षानुवर्षं काम करायचं त्यांना भेटावंच लागतं, तिथे पाच-सहा भेटी झाल्या तर मला वावगं वाटत नाही, फक्त त्या आधी सांगितलेल्या असाव्यात. पण नवख्या माणसाच्या पहिल्या नोकरीसाठी, ज्याच्याकडे सांगण्यासारखा अनुभवच फारसा नाही त्याच्यासाठी, सहा फेऱ्या कशाला? तिथे एक फोन, एक आखीव मुलाखत आणि कामाचा एक नमुना एवढ्यावर निर्णय व्हायला हवा.

म्हणून माझ्या मागण्या. जाहिरातीतच लिहा: एकूण टप्पे किती, प्रत्येकात काय पाहिलं जाणार, किती दिवसांत उत्तर मिळणार. हे लिहायला बसलात की निम्म्या फेऱ्या तुमच्या तुम्हीच काढून टाकाल, कारण त्यांत काय पाहणार हे लिहिताच येणार नाही. प्रत्येक मुलाखतकाराला वेगळा भाग द्या आणि आपले गुण लेखी नोंदवण्याआधी त्याला इतरांचं मत कळू देऊ नका. असाइनमेंट दोन तासांत होईल एवढीच द्या. त्याहून मोठी असेल तर मोबदला द्या, आणि तुमचं चालू काम उमेदवाराकडून फुकट करून घेऊ नका. पहिल्या मुलाखतीपूर्वीच एका माणसाचं नाव ठरवा, ज्याच्या होकाराने किंवा नकाराने निर्णय होईल. बाकीचे मत देतील, निर्णय त्याचा. या एका गोष्टीने ‘सरांना भेटवून घेऊया’ पुष्कळ कमी होईल. आणि ‘यानंतर किती फेऱ्या आहेत, या फेरीत काय ठरणार आहे’ असं उमेदवाराने विचारलं तर त्याच्या नावापुढे ‘ॲटिट्यूड’ असा शेरा मारू नका. ज्याला स्वतःच्या वेळेची किंमत कळते तो तुमच्याही वेळेची ठेवेल.

हे वाचताना तुमच्या कॅलेंडरवर कुणाची तरी पाचवी किंवा सहावी फेरी लागलेली असेल. ती रद्द करा. त्या व्यक्तीला ज्यांनी आधीच पाहिलं आहे त्यांना आज एकत्र बसवा, त्यांच्याकडे असलेल्या नोंदींवरून निर्णय घ्यायला लावा आणि उद्या संध्याकाळपर्यंत तिला फोन करा. नकार असला तरी फोन करा, आणि कारण सांगा.

कळावे,

आपली,
मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंशी रोज संबंध येणारी एक